गोव्याच्या चर्चवह्यांत आमच्या कुळाचा शोध

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत महाराष्ट्रांतील पुष्कळ घराण्यांनीं आपापले कुलवृत्तांत छापून काढले. जाड पुठ्ठ्याचे, घडीच्या वंशवृक्षांचे हे ग्रंथ अजूनही कित्येक घरांच्या कपाटांत सांपडतात. मात्र ते वाचणारांपेक्षां बाळगणारेच अधिक. ज्यांनीं ते वाचले आहेत त्यांस ठाऊक असेल कीं, वंशवृक्षाची एकादी शाखा मध्येंच तुटते आणि तिच्या टोंकाशीं ‘निर्वंश’, ‘दत्तक गेला’, ‘परागंदा’ असा एकादा शब्द असतो. आमच्या घरची वंशावळ छापलेली नाहीं, आजोबांच्या हातची आहे. आणि तिच्यांतील अशा एका टोंकाशीं शब्दही नाहीं. तेथें एक वर्तुळ काढलें आहे व तें रिकामें आहे.

त्या वर्तुळाची हकीगत आमच्या घरांत एकाच वाक्यांत सांगितली जात असे. वडील वारल्यावर थोरला भाऊ एका रात्रीं देव घेऊन नदीपार झाला. धाकटा जमिनीच्या लोभानें मागें राहिला आणि बाटला. आमचें मूळ घर सासष्टींतलें, कुलदेवता आज फोंडें महालांत, आणि आम्ही स्वतः कित्येक पिढ्या रत्नागिरी जिल्ह्यांतले. इतक्या पिढ्यांत या वाक्यांतले बाकीचे शब्द कमी-अधिक झाले असतील, परंतु ‘लोभानें’ हा शब्द कोणीं कधीं गाळल्याचें आम्हांस आठवत नाहीं. आणि तरीही सर्वपित्रीच्या दिवशीं आमच्याकडे एक पान अधिक मांडलें जात असे. तें कोणाचें, हें विचारण्याची लहानपणीं सोय नव्हती. मोठेपणीं विचारलें तेव्हां सांगणारें कोणी उरलें नव्हतें.

या मागें राहिलेल्या भावाचा वंश आज कोठें असेल तर तो चर्चच्या वह्यांत असेल, इतकी गोष्ट उघड होती. म्हणून दोन हिवाळे आम्ही पणजीस मुक्काम करून होतों. त्या उद्योगांतून जें हातीं आलें आणि जें आलें नाहीं तें दोन्ही येथें सांगावयाचें आहे. गांवाचें नांव मात्र आम्ही देत नाहीं; त्या गांवांत आजही माणसें राहतात, आणि त्यांच्या वाडवडिलांविषयीं त्यांच्या परवानगीवांचून लिहिण्याचा आम्हांस अधिकार नाहीं.

प्रथम थोडा इतिहास सांगणें भाग आहे. १५१० सालीं आल्बुकेर्कनें तिसवाडी घेतली; बारदेश आणि सासष्टी हे महाल १५४३ सालीं पोर्तुगिजांकडे गेले. धर्मप्रसारासाठीं बारदेश फ्रान्सिस्कनांच्या वांट्यास आला, सासष्टी जेजुइटांच्या. सासष्टींतील देवळांवर मोठा घाला पडला तो १५६६-६७ मध्यें. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळास, केळशीची शांतादुर्गा कवळ्यास, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळास, लोटलीचा रामनाथ बांदिवड्यास, हीं सर्व स्थलांतरें त्याच दशकाच्या आगेंमागें झालीं. नदीपलीकडला तो मुलूख त्या वेळीं आदिलशाहींत होता. पोर्तुगिजांच्या हातीं तो पुढें दोनशें वर्षांनीं, १७६३ मध्यें आला. परधर्मीयांपासून पळविलेल्या देवांना दुसऱ्या परधर्मीयांच्या राज्यांत आसरा मिळाला, ही गोष्ट शाळेच्या पुस्तकांतून फारशी सांगितली जात नाहीं. ती सांगितली जावी असें आम्हांस वाटतें.

आतां वह्यांकडे वळूं. ख्रिस्ती देवळांत जन्म, लग्न व मरण यांच्या नोंदी ठेवण्याची चाल फार प्राचीन असावी असा समज आहे. तो तितकासा खरा नाहीं. इंग्लंडांत प्रत्येक गांवच्या चर्चनें अशी वही ठेवावी हा हुकूम आठव्या हेन्रीचा मंत्री टॉमस क्रॉमवेल यानें १५३८ सालीं काढला. रोमन पंथांत ट्रेंट येथील धर्मपरिषदेनें १५६३ सालीं हें बंधन घातलें, आणि त्यामागील हेतु वंशावळी राखण्याचा मुळींच नव्हता. चोरून लग्नें होत, एक बायको असतां नवरा दुसऱ्या गांवीं जाऊन दुसरी करी, आणि साक्षीदार कोण होते हें कोणास सांगतां येत नसे. हा घोटाळा मोडण्यासाठीं लग्नाची वही आली. बाप्तिस्म्याच्या वहींतही धर्मपित्याचें व धर्ममातेचें नांव लिहावयाचें तें अशासाठीं कीं, त्या नात्यामुळेंही विवाहास बाध येत असे. १६१४ सालीं रोमहून जो विधिग्रंथ निघाला त्यांत या वह्यांचे मसुदेच घालून दिले होते.

आपल्याकडे हें काम नाशिक, त्र्यंबकेश्वर, गोकर्ण येथील तीर्थोपाध्यायांनीं केलें. पण त्यांचा हेतु निराळा. उपाध्यायाला आपला यजमान ओळखावयाचा असतो. म्हणून त्याच्या वहींत जो तीर्थास गेला तोच येतो, आणि त्यानें जीं नांवें सांगितलीं तींच येतात; रागावलेल्या बापानें मुलाचें नांव सांगितलें नाहीं तर तो मुलगा वहीपुरता जन्मलाच नाहीं. चर्चची वही असा रागलोभ धरीत नाहीं. तिच्यांत गांवचा श्रीमंत भाटकार येतो, त्याच्या घरची मोलकरीण येते, आणि उंबऱ्यावर टाकून दिलेलें पोरही ‘आईबाप अज्ञात’ म्हणून येतें. स्त्रिया तर पानोपानीं येतात. आमच्या वंशावळींत अकरा पिढ्या आहेत, पण आजीच्या वरची एकही बाई नांवानें नाहीं. हें आम्हांस पणजींत त्या वह्या चाळतांना प्रथम लक्षांत आलें, आणि खरें सांगावयाचें तर मनाला लागलें.

पोर्तुगालांत १९१० सालीं प्रजासत्ताक स्थापन झाल्यावर राज्यानें या नोंदींचें काम आपल्या हातीं घेतलें. पुढें गोव्यांतही तसें झालें, आणि जुन्या चर्चवह्यांचा मोठा भाग सरकारी दप्तरांत आला. हें दप्तर स्वतः सामान्य नव्हे. १५९५ सालीं तें स्थापन झालें तेव्हां दियोगु दु कौतु हा इतिहासकार त्याचा पहिला रक्षक होता. लिस्बनच्या जहाजांबरोबर येणाजाणारा राजाचा पत्रव्यवहार ज्यांत आहे त्या ‘मोसमांच्या वह्या’ येथेंच आहेत. पांडुरंग पिसुर्लेंकर हे १९३१ पासून १९६१ पर्यंत या दप्तराचे प्रमुख होते. मराठ्यांच्या इतिहासाला पोर्तुगीज कागदांची जी जोड मिळाली ती बव्हंशीं त्यांच्या परिश्रमानें. अशा ठिकाणीं एका मध्यमवर्गीय घराण्याच्या हरवलेल्या भावाचा तपास करावयास जाणें आम्हांस पहिल्या दिवशीं थोडें ओशाळवाणें वाटलें. तेथील सेवकास मात्र त्यांत कांहींच नवल वाटलें नाहीं. कोणतें गांव, इतकेंच त्यानें विचारलें.

वही उघडली आणि आमचा उत्साह तासाभरांत मावळला. पोर्तुगीज भाषा आम्ही कामापुरती शिकून गेलों होतों. परंतु भाषा येणें निराळें आणि हस्ताक्षर लागणें निराळें. जेजुइटांच्या काळांतील अक्षर उभट व घट्ट. १७५९ सालीं त्या संघास पोर्तुगीज मुलखांतून हद्दपार केल्यावर पुढें एतद्देशीय पाद्र्यांचीं अक्षरें येतात, कोणाचें मोत्यासारखें, कोणाचें कोंबडीच्या पायासारखें. त्या काळची शाई लोहयुक्त असे. ती कागद खाते, आणि मागच्या पानावरील नांव पुढच्या पानावरील नांवांतून डोकावूं लागतें. कसरीनें जेथें वाट काढली आहे तेथें ती नेमकी आडनांवांतूनच काढली आहे असें वाटूं लागतें. शिवाय लिहिणाऱ्यांस कागद वांचवावयाचा असे: रॉड्रिग्सचें ‘रोइझ’ होतें, फर्नांडिसचीं तीनच अक्षरें उरतात, मारियाचीं दोन. महिन्यांची तऱ्हा आणखीच निराळी. सातचा आंकडा काढून त्यापुढें ‘ब्रो’ लिहिलें असेल तर तो सातवा महिना जुलै नव्हे; लॅटिन सप्त या अर्थानें तो सेप्टेंबर होय, आठ म्हणजे ऑक्टोबर. आम्हांस हें ठाऊक नसल्यामुळें जन्माआधीं दोन महिने बाप्तिस्मा झालेलें एक मूल आम्हीं मोठ्या काळजीनें टिपून घेतलें, आणि त्या कोड्यावर दोन दिवस घालविले. शेजारच्या मेजावरील एका वृद्ध गृहस्थांनीं हंसून तें सोडविलें.

परंतु खरी अडचण अक्षराची नव्हे, नांवाची. बाप्तिस्मा झाला म्हणजे जुनें नांव जाई आणि नवें नांव बहुधा धर्मपित्याच्या किंवा पाद्र्याच्या आडनांवासह येई. दोन सख्खे भाऊ दोन निरनिराळ्या धर्मपित्यांच्या हातीं पडले तर त्यांचीं आडनांवें निराळीं. आणि ज्यांचा एकमेकांशीं कांहीं संबंध नाहीं अशीं दहा घराणीं एकाच आडनांवाचीं. तेव्हां आडनांवाच्या दोरीनें विहिरींत उतरणारा मनुष्य भलत्याच विहिरीच्या तळाशीं जाण्याचा संभव फार.

आम्हांस वाट सांपडली ती चर्चच्या वहींत नव्हे, गांवकरींत. गोव्यांतील गांव हा मूळ गांवकरांच्या सामाईक मालकीचा. या गांवकरांचीं जीं कुळें त्यांस तेथें वांगड म्हणतात. गांवकरीच्या उत्पन्नांतील वांटा पुरुषपरंपरेनें चालतो, आणि गांवकराच्या मुलास आपलें नांव घालावयाचें तर बापाचें गांवकरपण सिद्ध करावें लागतें. पोर्तुगिजांनीं देव मोडले, पण ही व्यवस्था मोडली नाहीं. तिच्या चालीरीती तर त्यांनीं १५२६ सालींच लिहून काढून मान्य केल्या होत्या. म्हणून धर्म बदलला, नांव बदललें, पोशाख बदलला, तरी मनुष्य ज्या वांगडाचा होता त्याच वांगडाचा राहिला. कुंकळ्ळीस याचें प्रत्यक्ष उदाहरण पाहावयास मिळतें: तेथील शांतादुर्गा फातर्प्यास गेली, पण तिच्या छत्रोत्सवाचा मान बारा वांगडांकडे आहे आणि त्यांतील ख्रिस्ती घराणीं आजही तो बजावतात.

आमच्या कुळाचें वांगड कोणतें हें आजोबांच्या टिपणांत होतें. त्या वांगडांत आज कोणतीं घराणीं आहेत हें गांवकरीच्या यादींतून निघालें, आणि तीं चारच निघालीं; चारही ख्रिस्ती, त्यांतील तीन एका आडनांवाचीं. येथून आम्हीं उलट्या दिशेनें प्रवास सुरू केला: आजच्या मनुष्याच्या पणजोबाचें लग्न, त्या लग्नांतून बापाचें नांव, बापाच्या नांवावरून बाप्तिस्मा, आणि पुन्हा लग्न. रोज चार पिढ्या चढतां येतील असा आमचा हिशेब होता. एका पिढीस कधीं कधीं आठवडा लागला.

मधल्या या दिवसांत जीं माणसें भेटलीं त्यांच्याशीं आमचा संबंध काय, असें कोणी विचारील. अठराव्या शतकांतील एका मारियाच्या नोंदी आम्हीं ओळीनें काढल्या. तिच्या पांच मुलांचे बाप्तिस्मे एका वहींत आहेत, आणि त्यांतील चौघांचीं दफनें दुसऱ्या वहींत. मृत्यूचें कारण लिहिण्याची चाल नव्हती. शेवटचे संस्कार मिळाले किंवा वेळेअभावीं मिळाले नाहींत, इतकेंच पाद्री लिहितो. चार दफनांपैकीं तीन एकाच महिन्यांत. तिसऱ्या नोंदीच्या वेळीं पाद्र्यानें आईचें नांव लिहिण्याचें विसरून तें मागाहून समासांत लिहिलें आहे. जें पांचवें मूल वांचलें त्याच्यापासून आजचीं तीन घरें झालीं. आमच्या घराण्यांतही देवीच्या सांथींत मुलें गेलीं असतीलच. पण त्यांच्या मातांचीं नांवें कोणीं समासांतही लिहिलीं नाहींत.

एके ठिकाणीं तर दोर तुटलाच होता. एकाच नांवाचे, एकाच आडनांवाचे, एकाच वयाचे दोन पुरुष, आणि कोण कोणाचा मुलगा हें कळेना. त्या वेळीं उपयोगी पडली ती लग्नाची एक मुभा. ख्रिस्ती धर्मशास्त्रानें १२१५ सालीं नात्यांतील विवाहाचा निषेध चौथ्या पायरीपर्यंत, म्हणजे खापरपणजोबा एक असलेल्या वधूवरांपर्यंत, ठरविला होता. आपल्या सापिंड्याची मर्यादा पितृकुलांत सात आणि मातृकुलांत पांच पिढ्यांची. तुलनेनें ती कडक, पण ती पाळली कीं नाहीं याचा कागद ठेवण्याची तसदी आपण घेतली नाहीं. चर्चनें सवलत ठेवली आणि सवलतीचा कागदही ठेवला. आमच्या त्या दोन पुरुषांपैकीं एकानें तिसऱ्या पायरीच्या नात्यांत लग्न केलें होतें, आणि मुभा मागतांना दोन्हीकडच्या पणजोबापर्यंत पिढ्या सांगितल्या होत्या. ज्या नियमाचा भंग व्हावयाचा त्या नियमानेंच आमच्या हातीं तीन पिढ्या दिल्या.

असे आम्ही सतराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत पोहोंचलों, आणि तेथें वह्या संपल्या. त्यामागील वह्या त्या गांवापुरत्या शिल्लक नाहींत. ज्या एका नोंदीसाठीं आम्ही गेलों होतों, म्हणजे अमुक हिंदु नांवाच्या मनुष्याचा अमुक ख्रिस्ती नांवानें बाप्तिस्मा झाला ही नोंद, ती मिळाली नाहीं. दुसऱ्या बाजूनें आम्हांस एक कागद मिळाला. देवळें पाडल्यावर त्यांच्या जमिनींची मोजदाद सासष्टींत १५६७-६८ सालीं झाली, आणि त्या वेळीं गांवोगांवच्या गांवकरांचीं हिंदु नांवें लिहिलीं गेलीं. त्यांत आमच्या वंशावळींतील मूळपुरुषाचें, म्हणजे त्या दोघां भावांच्या बापाचें, नांव आहे. असेल, तीं नांवें त्या काळीं प्रत्येक घरांत असत. त्या नांवापासून वह्यांतील पहिल्या नांवापर्यंत सव्वाशें वर्षांचें अंतर आहे, म्हणजे चार-पांच पिढ्या, आणि त्यांवर पूल नाहीं. वांगड एक आहे एवढाच आधार. तो भक्कम आहे असें आम्हांस वाटतें. पण तो पुरावा नव्हे, आणि ज्या भाषेंत राजवाड्यांनीं जन्मभर अस्सल कागदांचा आग्रह धरला त्या भाषेंत लिहितांना वाटण्याला पुरावा म्हणणें बरें नव्हे.

परंतु या तपासांत एक गोष्ट निघाली, जिच्यासाठीं आम्ही गेलोंच नव्हतों. जुने कायदे वाचतांना १५५९ सालचा एक हुकूम पाहण्यांत आला. बाप वारलेल्या हिंदु मुलांना अनाथ समजून जेजुइटांच्या विद्यालयांत न्यावें, तेथें वाढवावें व बाप्तिस्मा द्यावा असा तो हुकूम. आई जिवंत असली तरी मूल अनाथच ठरूं शके, आणि अशीं मुलें लपविणाऱ्या नातेवाइकांस शिक्षा होई. घरांत हजारदां ऐकलेलें तें वाक्य त्या दिवशीं आम्हीं प्रथमच नीट ऐकलें. वडील वारल्यावर थोरला भाऊ निघाला, असें तें सांगतें. धाकटा किती धाकटा होता, हें सांगत नाहीं. तो पंचवीस वर्षांचा असेल आणि खरोखरच भातशेतीकडे पाहून मागें राहिला असेल. तो सात वर्षांचाही असेल, आणि नदीच्या कांठीं होडी सुटण्यापूर्वींच त्याला कोणीं उचलून नेलें असेल. किंवा त्याला घेऊन रात्रीं नदी उतरणें शक्य नव्हतें म्हणून थोरल्यानेंच त्याला मागें ठेवलें असेल. आणि मग ‘लोभानें’ हा शब्द कोणाच्या सोयीचा होता, हा प्रश्न उरतो. यांतील खरें कोणतें हें कागद सांगत नाहींत. मात्र ज्या शब्दानें साडेचारशें वर्षें एका मनुष्याचा न्याय केला त्यासही कागदाचा आधार नाहीं, एवढें आतां आम्हीं निश्चित म्हणूं शकतों.

त्या तीन घरांपैकीं एका घरीं आम्ही गेलों. जावें कीं न जावें यावर आमच्या चुलतबंधूंचा व आमचा वाद झाला होता. त्यांचें म्हणणें, पुरावा नसतां नातें सांगत जाणें म्हणजे आगंतुकपणा. घरधनी ऐंशीच्या घरांतले. सोप्यावर बसवून त्यांनीं आम्हांस शहाळें दिलें आणि आमची हकीगत शेवटपर्यंत ऐकली. आपल्या आजीच्या वेळेपर्यंत फोंड्याच्या देवीला दरसाल या घरांतून तेल जात असे, असें ते म्हणाले. कां, हें त्यांना ठाऊक नव्हतें, कारण तेंही लहानपणीं विचारण्याची सोय नव्हती. मग त्यांनीं विचारलें कीं, तुमच्या वहींत आमचें नांव काय लिहिलें आहे. आम्हीं खरें तें सांगितलें. ते कांहीं वेळ बोलले नाहींत, आणि नंतर त्या पानाची एक नक्कल पाठवाल काय, असें म्हणाले.

नक्कल आम्हीं पाठविली. वर्तुळ होतें तसेंच ठेवलें. महिन्याभरानें त्यांचें उत्तर आलें, कोंकणींत, रोमन लिपींत लिहिलेलें. त्यांत त्यांच्या चार नातवंडांचीं नांवें होतीं, प्रत्येकाच्या जन्माच्या व बाप्तिस्म्याच्या तारखेसह, आणि खालीं एक ओळ: मधलीं माणसें सांपडलीं नाहींत तर जागा सोडा, पण हीं खालीं लिहून ठेवा. आजोबांच्या कागदाला खालीं जागा उरलेली नव्हती. म्हणून आम्हीं नवा कागद जोडला.